‘कोड येत नसलं तरी चालेल’: एका आमंत्रणाची तपासणी

मागच्या व्याख्यानात मुक्त स्रोत सॉफ्टवेअर कसं जन्माला आलं ते सांगून झालं, आणि शेवटी एका बाईंनी प्रश्न विचारला: ‘हे सगळं छान आहे, पण आम्हाला कोड येत नाही. मग आमचा उपयोग काय?’ त्यावर आम्ही जे उत्तर दिलं ते सगळीकडे दिलं जातं. कोड येत नसलं तरी चालेल. भाषांतर करा, माहितीपुस्तिका लिहा, चुका कळवा, चित्रं काढा, नव्या लोकांना मदत करा. बाई समाधानानं बसल्या. आम्हीच घरी जाताना अस्वस्थ झालो. उत्तर खोटं नव्हतं, पण आळशी होतं. म्हणून आजचा तास त्या उत्तराच्या तपासणीसाठी घेतला आहे.

आधी वाक्याकडेच बघा. ‘चालेल’ हा शब्द आपण कुठे वापरतो? ‘काही आणलं नाही तरी चालेल, नुसते या.’ म्हणजे पाहुणा रिकाम्या हातानं येणार हे गृहीत धरलेलं असतं, आणि यजमान मोठ्या मनानं ते माफ करतो. ‘कोडविरहित योगदान’ या नावातही तेच आहे. काम काय आहे ते सांगायचं सोडून काय नाही ते सांगितलं आहे. सुतारकामाला कुणी ‘लोहारकामविरहित काम’ म्हणत नाही. जे काम नकारातून ओळखलं जातं त्याची पारख कशी करायची हे कुणी ठरवत नाही, आणि आमच्या मते सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

ज्या नावाखाली ही सगळी चळवळ चालते, ते नाव कुठून आलं ते पाहू. जानेवारी १९९८ मध्ये नेटस्केप कंपनीनं आपल्या ब्राउझरचा स्रोत सर्वांना खुला करण्याची घोषणा केली. त्यानंतर फेब्रुवारीच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथे मोजकी मंडळी जमली. एरिक रेमंड त्यात होते. अडचण नावाची होती. तोवर प्रचलित असलेल्या ‘फ्री सॉफ्टवेअर’मधला ‘फ्री’ म्हणजे स्वतंत्र, हे रिचर्ड स्टॉलमन १९८० च्या दशकापासून सांगत होते, पण ऐकणाऱ्याच्या कानात ‘फुकट’ एवढंच शिरत होतं. ‘ओपन सोर्स’ हा शब्द सुचवला ख्रिस्टीन पीटरसन यांनी. त्या रसायनशास्त्र शिकलेल्या आणि फोरसाइट इन्स्टिट्यूट या नॅनोतंत्रज्ञानाचा विचार करणाऱ्या संस्थेत काम करणाऱ्या. त्यांनीच पुढे लिहिल्याप्रमाणे, बैठकीत तो शब्द त्यांनी रेटलाही नाही. त्यांच्या एका सहकाऱ्यानं बोलता बोलता तो वापरला, मग दुसऱ्यानं वापरला, आणि शब्द रुळला. या चळवळीला मिळालेलं सर्वांत टिकाऊ योगदान म्हणजे दोन शब्द आहेत, आणि त्यात कोडची एक ओळ नाही.

(जाता जाता: मराठीत ही अडचण मुळात नव्हती. आपल्याकडे फुकट वेगळं, मोफत वेगळं, मुक्त वेगळं आणि मोकळं वेगळं. पण आपण ‘फ्री’ आणि ‘ओपन’ या दोघांनाही ‘मुक्त’ म्हणून टाकलं, आणि ज्या फरकावरून स्टॉलमन आजही भांडतात तो मराठीत दिसेनासा झाला. असो.)

आता दुसरं टोक बघा. डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरमध्ये ‘हॅक्टोबरफेस्ट’ भरवते. ठरलेल्या संख्येइतके बदल कुठल्याही मुक्त प्रकल्पांना पाठवले, की टी-शर्ट मिळायचा. २०२० साली चार बदलांना एक टी-शर्ट होता. लोकांनी काय केलं? प्रत्येक प्रकल्पाच्या दारात ‘रीडमी’ नावाची एक ओळखपत्रवजा फाइल असते. ती उघडायची, त्यात ‘हा फार छान प्रकल्प आहे’ अशा अर्थाची ओळ घालायची किंवा एखादा शब्द उगाच बदलायचा, आणि पाठवून द्यायचं. असे बदल इतके आले, की प्रकल्प सांभाळणारे लोक वैतागले. आयोजकांना महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पाची आधी संमती असेल त्याच्यातलेच बदल मोजायचे.

या प्रकाराला बहुतेकांनी ‘फुकट्यांचा हव्यास’ म्हटलं. आम्हाला ते निदान अपुरं वाटतं. त्या पोरांना जे सांगितलं होतं तेच त्यांनी केलं. कोड येत नसलं तरी चालेल, माहितीपुस्तिकेत काहीतरी सुधारा. ‘काहीतरी’ला अर्थ नसतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पाठवायला दोन मिनिटं लागतात, पण ते वाचून, तपासून, नम्रपणे नाकारायला समोरच्याला पंधरा मिनिटं लागतात. योगदान नावाची गोष्ट देणाऱ्याच्या बाजूनंच मोजली, की घेणाऱ्यावर कर्ज चढतं.

आता आम्हाला जे काम थोडंफार माहीत आहे त्याकडे येऊ, म्हणजे मराठीकरणाकडे. आम्ही तिघंचौघं गेली काही वर्षं संध्याकाळी बसून हे करतो. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रोग्राममध्ये पडद्यावर दिसणारं प्रत्येक इंग्रजी वाक्य एका यादीत काढलेलं असतं. वर इंग्रजी ओळ, खाली रिकामी ओळ. खालची भरत जायची. मोझिलाचं त्यासाठी पॉन्टून आहे, लिबरऑफिस वेबलेट वापरतं, विकिपीडियामागच्या मीडियाविकीसाठी ट्रान्सलेटविकी आहे. साधनं वेगळी असली तरी रिकामी ओळ सगळीकडे तीच.

सोपं वाटतं. आम्हालाही वाटलं होतं. पहिल्या वर्षी एका प्रकल्पात (नाव सांगत नाही, चूक आमची होती) एका छोट्या खेळाची यादी आम्ही एका बैठकीत संपवली. त्यात ‘लेफ्ट’ असा एकच शब्द होता. आम्ही लिहिलं ‘डावीकडे’. आता झालं असं, की खेळात एक बटण होतं ज्यावर ‘डावीकडे’ बरोबर होतं, आणि वरच्या पट्टीत उरलेल्या चालींचा आकडा होता, त्याच्यापुढेही तोच शब्द होता. यादी बनवणारी प्रणाली एकसारखे शब्द एकत्र करते. सोबत संदर्भाची टीप नसेल, तर दोन्हीकडे एकच भाषांतर जातं. म्हणून मराठी खेळाडूला दिसत होतं: ‘डावीकडे: ३’. ही चूक आमची आम्हालाच सापडली, दोन वर्षांनी. मधल्या काळात एकाही माणसानं ती कळवली नाही. चूक झाली याचं दुःख होतंच, पण कुणी कळवली नाही याचा अर्थ कळला तेव्हा जास्त लागलं. तिथे कुणी नव्हतंच.

या ‘कुणी नव्हतंच’कडे आपण परत येऊ. त्याआधी जरा खोल पाण्यात जाऊ, कारण ‘भाषांतर करा’ म्हणताना आपण किती अवघड काम किती सहज पुढे सरकवतो ते दिसावं.

इंग्रजी वाक्यात नाव घालायला रिकामी जागा ठेवलेली असते. ‘कॉपीड टू’ आणि पुढे मोकळी जागा. ‘टू’ हा शब्द नावाच्या आधी सुटा उभा राहतो, नावाला हात लावत नाही. मराठीत आपण नावालाच वाकवतो. पुणे, पण पुण्याला. कागद, पण कागदावर. वही, पण वहीत. घोडा, पण घोड्याला. हे सामान्यरूप प्रोग्रामला कुठून कळणार? तो नाव जसंच्या तसं चिकटवतो, आणि पडद्यावर येतं ‘पुणेला’, ‘घोडामध्ये’. लिंगाचं तसंच. ‘अमुक जॉइन्ड’ यात इंग्रजीला काही विचारावं लागत नाही. मराठीला ठरवावं लागतं: आला, आली, की आले?

आम्ही यावर बरेच दिवस डोकेफोड करत होतो. कंस घालून ‘आला/आली’ लिहिलं, ते वाचायला भयंकर. मग आमच्या बैठकीला एक गृहस्थ यायला लागले. जिल्हा परिषदेतून लिपिक म्हणून निवृत्त झालेले. संगणक वापरायचे तो मुख्यतः नातवाशी बोलायला. त्यांनी आमची अडचण ऐकली आणि म्हणाले, ‘अहो, यात काय आहे? आम्ही आयुष्यभर हेच केलं. नावाला हात लावायचा नाही. श्री. पाटील यांना. मौजे अमुक येथे. सदर अर्जाचे बाबतीत.’

आम्ही बघतच राहिलो. सरकारी पत्रव्यवहारात, लग्नपत्रिकेत, नोटिशीत मराठीनं हा प्रश्न कधीच सोडवून ठेवला आहे. नमुन्यात नाव नंतर भरायचं असतं, कधी हातानं, कधी शिक्क्यानं, म्हणून नाव मूळ रूपात ठेवून प्रत्यय पुढच्या सर्वनामावर किंवा अव्ययावर टाकायचा. ‘पुणे येथे नक्कल केली.’ ‘“अहवाल” या फाइलमध्ये साठवलं.’ ‘पाटील यांनी प्रवेश केला.’ ‘यांनी’ आलं की क्रियापद कर्त्याच्या लिंगाशी बांधलेलं राहत नाही, आला-आलीचा घोळही गेला. ज्या भाषेला आपण कारकुनी म्हणून नाकं मुरडतो, ती मुळात रिकाम्या जागा भरण्याचीच भाषा आहे. आणि हे त्या गृहस्थांना माहीत होतं, आम्हाला नव्हतं, आणि ज्या प्रोग्रामरनं ते इंग्रजी वाक्य लिहिलं त्याला तर असा प्रश्न असतो हेही माहीत नव्हतं.

हे काम ‘कोडविरहित’ आहे का? आहे. पण त्याची ओळख तशी करून दिली तर त्या गृहस्थांनी काय आणलं ते कुठे नोंदवणार?

अशी नोंद होत नाही, कारण मोजणी दुसऱ्याच गोष्टीची चालते. जवळपास प्रत्येक भाषांतर प्रणालीत एक पट्टी असते आणि तिच्यावर टक्के. शंभर टक्के झालं की पट्टी पूर्ण भरते. इंग्रजी वाक्य बदललं की जुनं भाषांतर ‘संदिग्ध’ म्हणून बाजूला पडतं, टक्के खाली येतात, मग कुणीतरी धावत जाऊन भरतं. ओळ भरली आहे एवढंच पट्टीला कळतं. त्यात ‘डावीकडे: ३’ आहे की ‘उरलेल्या चाली: ३’, तिला दोन्ही सारखंच.

टक्केवारी वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. कुठे काम बाकी आहे ते कळायला ती हवीच. आक्षेप असा, की तीच एक गोष्ट दिसते म्हणून तीच ध्येय होते. याचं सर्वांत वाईट रूप सॉफ्टवेअरमध्ये नव्हे, शेजारच्या घरात दिसलं. २०२० च्या ऑगस्टमध्ये उघडकीला आलं, की स्कॉट्स भाषेतल्या विकिपीडियावरचे हजारो लेख अमेरिकेतल्या एका तरुणानं लिहिले होते, ज्याला स्कॉट्स येतच नव्हती. इंग्रजी वाक्यं घ्यायची, शब्दकोशातून शब्द बदलायचे, स्पेलिंग तसं करायचं. त्यानं ते लहान वयात, मदत म्हणूनच सुरू केलं होतं. वर्षानुवर्षं आकडा वाढत होता आणि सगळे खूश होते. त्याला शिव्या देणं सोपं होतं, पुष्कळांनी दिल्या. आमचा प्रश्न वेगळा आहे: एवढी वर्षं वाचत कोण होतं? लेख लिहिणारा एक होता, वाचून ‘हे आमच्या भाषेसारखं नाही’ म्हणणारे पुरेसे नव्हते.

मराठीची स्थिती इतकी वाईट नाही. पण आपल्याकडेही भरणारे हात मिळतात, वाचणारे डोळे मिळत नाहीत. आणि आता तर यंत्राकडून भाषांतर काढून घ्यायला क्षणभर लागतो. रिकामी ओळ भरणं फुकट झालं, भरलेली ओळ वाचणं मात्र पूर्वीइतकंच महाग आहे. तरी आमंत्रण अजून जुनंच दिलं जातं: या, ओळी भरा.

वाचून, विचार करून केलेलं काम कसं असतं, त्याचीही उदाहरणं आपल्याच घरात आहेत. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तिथे नवशिक्यांनी हात साफ करून घ्यायच्या पानाला इंग्रजीत ‘सँडबॉक्स’ म्हणतात, म्हणजे मुलांनी वाळूत खेळायचा चौकोन. मराठीत ‘वाळूची पेटी’ लिहिलं असतं तरी टक्के तेवढेच भरले असते. कुणीतरी लिहिलं ‘धूळपाटी’. पाटीवर धूळ पसरून बोटानं अक्षरं गिरवायची आणि पुसायची. शिकणं, चुकणं, पुसणं हे सगळं त्या एका शब्दात आलं. तसंच ‘व्हिलेज पंप’ या चर्चेच्या जागेला ‘चावडी’. इंग्लंडातल्या खेड्यात लोक पाण्याच्या पंपापाशी जमत असतील, आपल्याकडे पाणवठ्यावर वेगळ्या गप्पा होतात आणि गावाचे निर्णय चावडीवर. फायरफॉक्समधली ‘वाचनखूण’ही त्याच जातीची.

पण इथेही आंधळं कौतुक नको. ‘पासवर्ड’साठी ‘परवलीचा शब्द’ हा शब्द आम्हाला मनापासून आवडतो. रात्री पहारेकऱ्याला सांगायचा तो परवलीचा शब्द, अर्थ तंतोतंत. तरीही फोनच्या चिंचोळ्या बटणात तो मावत नाही, ‘परवलीचा श…’ असा तुटतो, आणि बँकेत रांगेत उभा असलेला माणूस ‘पासवर्ड’च म्हणतो. मग काय करायचं? आमचं मत सांगतो, तुम्ही भांडू शकता: दोन्ही चालतील, पण एका प्रोग्राममध्ये एकच. आज एकाच पडद्यावर वर ‘परवलीचा शब्द’ आणि खाली ‘पासवर्ड विसरलात?’ दिसतं, कारण दोन ओळी दोन माणसांनी दोन वेगळ्या वर्षी भरल्या आणि सलग कुणी वाचल्या नाहीत. ‘जतन करा’, ‘साठवा’ आणि ‘सेव्ह करा’ यांचंही तेच. यातला प्रत्येक शब्द निर्दोष आहे. एकत्र आले की वापरणाऱ्याला वाटतं ही तीन वेगळी कामं आहेत.

आता काही कामं अशी आहेत, जी भाषांतरही नाहीत आणि कोडही नाहीत, आणि ज्यांचं नाव या याद्यांमध्ये सहसा येत नाही. तुमच्या फोनची भाषा मराठी केली, की पुष्कळ ठिकाणी आकडे १, २, ३ असे देवनागरीत येतात. हिंदी केली तर बहुधा येत नाहीत. हे कुणी ठरवलं? युनिकोडचा ‘सीएलडीआर’ नावाचा एक खुला माहितीसाठा आहे. कुठल्या भाषेत महिने कसे लिहायचे, तारखेचा क्रम काय, आकडे कुठले, वर्णक्रम कसा, हे त्यात असतं आणि अँड्रॉइडपासून आयफोनपर्यंत सगळे तिथून उचलतात. मराठीसाठी त्यात मूळ अंक देवनागरी नोंदले आहेत, हिंदीसाठी नाहीत. त्या माहितीवर भाषा जाणणारी माणसं सूचना देतात, मत देतात. कोट्यवधी फोनवर परिणाम करणारा निर्णय, आणि त्यासाठी लागतं ते फक्त आपली भाषा नीट माहीत असणं.

दुसरं उदाहरण ‘ॲ’चं. ‘ॲप’, ‘ॲड’ यांतलं हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी आणि त्यानंतरही पुष्कळ लोक ‘अ’ टंकून वर अर्धचंद्र देतात. डोळ्यांना दोन्ही सारखं दिसतं, यंत्राला दोन वेगळे शब्द. म्हणून एका पद्धतीनं लिहिलेलं ‘ॲप’ शोधलं, तर दुसऱ्या पद्धतीनं लिहिलेलं अनेकदा सापडत नाही. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं हिंदीहून वेगळी आहेत, ‘ऱ्या’मधला र वेगळा जोडला जातो. काही खुल्या टंकांमध्ये मराठी वळणं घालून ठेवलेली असतात, पण मजकूर मराठी आहे असं पानावर नोंदलेलंच नसेल तर ती बाहेर येत नाहीत. आणि मात्रा, रफार वरून कापले जाणं तर आपण सगळे रोज बघतो. कुणीतरी बटणाची उंची रोमन अक्षरांच्या मापानं ठेवली, आपला ‘कॅ’ डोकं आपटतो.

हे सगळं रोज दिसतं आणि कुणी कळवत नाही. का? कारण मराठी माणूस अशी चूक पाहिली की फोन इंग्रजीत करून टाकतो. आम्हीही वर्षानुवर्षं तेच करत होतो, मराठीकरणाचं काम इंग्रजी पडद्यावर बसून! ‘तिथे कुणी नव्हतंच’ म्हणालो ना, तेव्हा आम्हीही तिथे नव्हतो.

मानाचा प्रश्न थोडक्यात. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या मोठ्या प्रकल्पात सदस्य म्हणजे सॉफ्टवेअरची पॅकेजं बांधणारा, असंच बराच काळ गृहीत होतं. २०१० साली त्यांनी रीतसर मतदान घेऊन ठरवलं, की पॅकेज न बांधणाऱ्या योगदानकर्त्यांनाही प्रकल्पाचे पूर्ण सदस्य म्हणून घ्यायचं. अशा सदस्यांना सॉफ्टवेअर चढवण्याचा अधिकार नसतो, पण प्रकल्पाचा नेता निवडताना त्यांचं मत इतरांइतकंच मोजलं जातं. आमच्या मते मानाचं खरं माप हे आहे. ‘सर्व योगदानं सारखीच मोलाची’ असं पाटीवर लिहायला काही लागत नाही. मत देणं म्हणजे उद्या त्या माणसानं ‘हे चुकतंय’ म्हटलं तर ऐकावं लागणं. ज्या प्रकल्पात भाषांतर करणाऱ्यानं ‘या वाक्याची इंग्रजी बांधणीच बदला, मराठीत ती बसत नाही’ असं कळवलं आणि ते ऐकलं गेलं, तो प्रकल्प आम्ही चांगला मानतो. जिथे उत्तर येतं ‘तुम्ही फक्त खालची ओळ भरा’, तिथे आम्ही पुन्हा जात नाही.

एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. हे काम फुकट होतं, आणि त्यातलं बरंच ज्यांच्या उत्पादनांत शेवटी जाऊन बसतं त्या कंपन्या गरीब नाहीत. ‘समाजासाठी करा’ म्हणताना कुणाच्या संध्याकाळी आपण मागतो आहोत हे बघावं. घरचं सगळं आवरून रात्री दहाला बसणाऱ्या बाईंची एक तासाची मदत आणि निवृत्तिवेतन मिळणाऱ्या माणसाची एक तासाची मदत सारखी नाही. आम्ही म्हणून कुणाला ‘नियमित या’ असा आग्रह करत नाही.

तर मागच्या वेळच्या त्या बाईंना (आज आल्या आहेत, मागे बसल्या आहेत) आम्ही उत्तर बदलून देतो. भाषांतराची यादी उघडू नका. निदान आत्ताच नको. आधी आपल्या फोनची किंवा संगणकावरच्या ब्राउझरची भाषा मराठी करा आणि महिनाभर तशीच ठेवा. पहिले चार दिवस चिडचिड होईल, ‘संयोजना’ म्हणजे सेटिंग हे कळायला वेळ लागेल. जिथे अडखळाल तिथे थांबा आणि वहीत लिहा: कुठल्या पडद्यावर होतात, काय दाबलं, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं. पडद्याचं चित्र काढून ठेवा. आवृत्तीचा आकडा लिहा, तो बहुतेक ‘विषयी’ या पानावर असतो. एका नोंदीत एकच चूक. ‘मराठी फार वाईट आहे’ ही नोंद नव्हे. ‘“साठवा” दाबलं, पुढच्या पडद्यावर “जतन झालं नाही” आलं, दोन शब्द का?’ ही नोंद आहे. इंग्रजीत लिहायला अवघड जात असेल तर मराठीत लिहून आमच्याकडे आणा, इंग्रजी आम्ही करू. तेवढं आम्हाला येतं.

ते निवृत्त गृहस्थ असंच करतात. त्यांची एक वही आहे, जुन्या आवक-जावक नोंदवहीसारखी आखलेली. तारीख, विषय, कुणाकडे पाठवलं, उत्तर आलं की नाही. गेल्या महिन्यात त्यांनी कळवलेली एक चूक दुरुस्त झाली. ‘कॅलेंडर’मधला अर्धचंद्र वरून कापला जात होता. दुरुस्ती करणाऱ्यानं बटणाची उंची थोडी वाढवली. त्याला मराठी येत नाही, यांना कोड येत नाही. शेवटच्या रकान्यात त्यांनी लाल शाईनं लिहिलं आहे: ‘निकाली’. त्याच पानावर आणखी अकरा नोंदी आहेत, त्यांचा तो रकाना अजून कोरा आहे.

आम्ही इथे थांबतो. प्रश्न घेऊ. ज्यांचा फोन आत्ता मराठीत आहे त्यांनी आधी हात वर करा, पहिला प्रश्न त्यांचा.